वेळेवर उगवणारं गवत

दुपारची भांडी आवरली की आमच्या सासूबाई माडीवरच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. जाता जाता जिन्यावरून बजावायच्या, "जपाला बसालोय. कुणी हाक मारू नका." हाक मारायची घरात कुणाची बिशाद नव्हती. माझे सासरे तात्या आणि माझा नवरा वृषभ लक्ष्मीपुरीतल्या आमच्या पाइप-पंपांच्या दुकानात असायचे, मी खाली जरा पाठ टेकायची आणि वर जप चालायचा. शिरोळला माझ्या माहेरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या ऐश्वर्याला सासू काय मिळालीय, दुपारची झोपसुद्धा घेत नाही, देवाचं करते.

एकदा फोनचा चार्जर वर राहिला म्हणून मी जिना चढले आणि दाराबाहेरच थबकले. आतून आवाज येत होता, "अरं मागं बघ! मागं! झाडाआड हाय त्यो! मेलास बघ. आता हलू नको, पडून ऱ्हा, मी पट्टी घेऊन येतो."

मी जैन घरातलीच मुलगी आहे. लहानपणापासून पुष्कळ स्तोत्रं कानावरून गेली आहेत. हे त्यातलं नव्हतं.

मी दार ढकललं. ज्या कॉम्प्युटरवर मी रोज सकाळी दुकानाची बिलं करून तात्यांना फोनवर पाठवते आणि जीएसटीचं काम करते, त्याच्यासमोर सासूबाई बसल्या होत्या. कानावर वृषभचा हेडफोन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक पाय खुर्चीवर दुमडलेला. पडद्यावर कुठलंसं बेट होतं, धूर होता आणि हिरव्या कपड्यातला एक माणूस लोळत होता. बाजूच्या देव्हाऱ्यात महावीर शांतपणे हे सगळं बघत होते.

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. दचकल्या नाहीत की लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "दार लाव, वारं येतंय."

अक्काताई बाळासो मगदूम, माहेर कुरुंदवाड. गल्लीत सगळे त्यांना अक्काच म्हणतात, म्हणून मीही अक्का म्हणते. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, सूर्य मावळल्यावर घास घेत नाहीत, स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग लागली तर साखरेची चिमूट ठेवून ती रांग अंगणात वळवतात. अशी बाई बंदुकांच्या खेळात काय करते, हे मला बघायचंच होतं. मी दार लावून शेजारी स्टुलावर बसले.

त्यांनी मला खेळ समजावून सांगितला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या मारतात. बंदुका शोधायच्या, एकमेकांना मारायचं, शेवटी जो उरेल तो जिंकला. चौघांची टोळी करता येते. अक्कांच्या टोळीतली बाकीची तिघं कुठल्या गावची, काय करणारी, हे त्यांना माहीत नव्हतं, पण ती पोरं त्यांना अक्काच म्हणायची. आणि अक्कांचा एकच बाणा होता. मारायचं कुणालाच नाही. पायाशी बंदूक पडलेली असली तर त्या वळसा घालून पुढं जायच्या. पट्ट्या आणि औषधं गोळा करायच्या, टोळीतला कुणी पडला की सरपटत जाऊन त्याला उभं करायच्या आणि बाकीचा वेळ गवतात लपून बसायच्या.

"आणि शेवटी तुम्ही आणि शत्रू दोघंच उरलात तर?" मी विचारलं.

"तर मी उठून उभा ऱ्हातो. मारू दे त्याला. दुसरा नंबर काय वाईट हाय?"

ही सुरुवात गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झाली होती. तेव्हा पडून पडून कंटाळा यायचा म्हणून त्यांनी फोनवर भाजी कापायचा खेळ घेतला. त्यात वांगी, दुधी, काकडी त्या भराभर कापायच्या आणि बटाटा आला की सोडून द्यायच्या, कारण चातुर्मासात कंदमूळ चालत नाही. त्यामुळं त्यांचे गुण वाढेनात. मग कंटाळून त्या बेटावर गेल्या, आणि बेटावरून कॉम्प्युटरवर आल्या, कारण फोनवर शत्रू मुंगीएवढा दिसायचा.

मला हसू आवरेना. पण हसता हसता मला वृषभ आठवला आणि हसू गेलं.

माझा नवरा कुठलाही खेळ खेळत नाही. म्हणजे कॉम्प्युटरवरचा, फोनवरचा, कुठलाच. दहावीत असताना त्याला नियम दिलाय, हे लग्न ठरतानाच मला सांगितलं होतं. आमच्यात नियम घेणं म्हणजे मुनी महाराजांसमोर हात जोडून कबूल करायचं की अमुक गोष्ट इतका काळ सोडली, आणि मग ती सोडायची. वृषभ तेव्हा सायबर कॅफेत पडीक असायचा, पहिल्या चाचणीला गणितात गचकला, म्हणून अक्कांनी त्याचं मनगट धरून त्याला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, नेलं. तिथं महाराजांचा चातुर्मास चालू होता. तेव्हापासून हा माणूस खेळाकडे बघतसुद्धा नाही. फोनवर मध्येच खेळाची जाहिरात आली तर डोळे मिटून फोन माझ्याकडे देतो. पैसे भरायच्या ॲपात ते बक्षिसाचं चक्र फिरवायचं येतं ना, तेही मी फिरवते. बिचाऱ्याला आजवर तीन रुपयांपलीकडे काही लागलेलं नाही, पण तेही माझ्या हातून.

"अक्का," मी म्हटलं, "पोराला आयुष्यभराचा नियम लावलात आणि स्वतः बेटावर?"

अक्कांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा पडला.

"आयुष्यभराचा न्हवता," त्या म्हणाल्या. "महाराजांनी विचारलं, किती काळ. मी म्हटलं, चातुर्मास संपेपर्यंत. ह्यो बाजूला उभा राहून भुकंनं पेंगत होता. हात जोडले नुसते. त्याला वाटलं, कायमचा."

"म्हणजे त्याच दिवाळीत सुटला?"

"व्हय."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मार्क पडायला लागले होते गं."

मला रागच आला. मी काही फार शांत बाई नाही. मी म्हटलं, मी त्याची बायको आहे, हे पोटात ठेवून मला त्याच्या शेजारी झोप लागायची नाही. अक्का म्हणाल्या, सांगितलं तर त्यो माझ्याकडं कुठल्या नजरेनं बघंल. बायकांत अक्कांची सगळी पत त्या नियमावर होती. बस्तीत दरवर्षी कुणी ना कुणी आपल्या कार्ट्याला पुढं ढकलून सांगायचं, वृषभदादासारखा हो. मी थोडी विरघळले, पण थोडीच. शेवटी मी मुदत घातली. पावसाळा संपेपर्यंत तुम्ही स्वतः सांगायचं, नाहीतर मी सांगणार. अक्कांनी मान डोलावली आणि तोंड बंद ठेवायची फी म्हणून रविवारी सकाळी मला कुणी उठवणार नाही, असं कबूल केलं. मी ती फी घेतली. खोटं कशाला बोलू?

पावसाळा अर्ध्यावर आला तरी अक्कांचा काही मुहूर्त लागेना, आणि तेवढ्यात कॉम्प्युटरनं मान टाकली.

तो तसा आधीपासूनच थकला होता. माझी बिलं कशीबशी निघायची, पण अक्कांची फारच पंचाईत व्हायची. त्या गवतात लपायला पळायच्या, पालथ्या पडायच्या, आणि गवतच आलेलं नसायचं. मागून सावकाश एकेक पातं उगवायचं. तोवर ही बाई भर मैदानात उघड्यावर पालथी, आणि शत्रू लांबून नेम धरून मोकळा. "गवत वेळेवर उगवलं पायजे, बाकी मला काय नको," असं त्या मला कळवळून सांगायच्या. एका सकाळी तर गवत राहू दे, पडदाच उजळला नाही. दुकानातून बिलासाठी तात्यांचे फोनवर फोन सुरू झाले.

राजारामपुरीत विजयसिंह नावाचा एकजण कॉम्प्युटर जुळवून देतो. त्याला मी फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, मेंदू चांगला बघून घ्या, बाकीचं सामान काय, मागनं बदलता येतंय. तुमच्या बजेटात दोन प्रोसेसर बसत्यात. एक निळ्या डब्यातला, एक केशरी डब्यातला. निळा एकेक काम झटकन उरकतोय, पण त्याच्या पोटात चित्र दाखवायची सोय न्हाई. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायला लागतंय, आणि तुमच्या बजेटात लहानसंच बसंल, पडद्यावर दिसण्यापुरतं. केशरी बिलाच्या कामात केसभर मागं, पण चित्राची सोय त्याच्या पोटातच हाय. साधे गेम त्याच्यावर छान चालत्यात. किंमत दोन्हीकडनं तेवढीच."

हे मी जेवताना सांगितलं. आमच्याकडं उजेड असतानाच जेवण होतं, त्यामुळं सगळ्यांचे चेहरे मला स्वच्छ दिसत होते.

"निळा," तात्या म्हणाले. "शेतकरी ट्रॅक्टर रस्त्यात लावून दुकानात येतोय. मागं हॉर्न वाजत्यात. बिल चटशिरी निघालं पायजे. आपल्याकडं गेम कोण खेळतंय?"

अक्कांनी आमटीत भाकरी कुस्करली. "केशरी बरा वाटतोय मला," त्या भाकरीला म्हणाल्या.

"का?"

"वेगळं कार्ड न्हाई, म्हणजे लाइट कमी जळंल."

"कितीशी जळतीय?"

मग अक्कांनी ठेवणीतलं काढलं. "त्या वेगळ्या कार्डाला वेगळा पंखा असतोय. पावसाळ्यात चिलटं येत्यात घरात. पंख्यात अडकून मरत्यात. कशाला ते पाप?"

तात्यांचा हात ताटावरच थांबला. "केशरीला पंखा न्हाई व्हय?"

"हाय की. पण एक हाय. निळ्याला एक आन् त्याच्या कार्डाला एक. एका पंख्याचं पाप आन् दोन पंख्याचं पाप सारखं असतंय?"

"मग असं करूया, हातानंच बिलं लिवूया," तात्या म्हणाले. "पेनाला पंखा नसतोय."

मला ठसका लागला. वृषभनं पाणी पुढं केलं आणि म्हणाला, "मला त्यातलं काय कळत न्हाई. तुम्ही ठरवा." अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. मदत करण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते त्यांनीच बोलायचं होतं. रात्री मी त्यांना गाठून सांगितलं की नवीन मशीन घरात यायच्या आत काय ते सांगून टाका, मुदत आता तेवढीच. त्या म्हणाल्या, "सांगतो की. पहिला केशरी घरात तर येऊ दे." म्हणजे बाईंना गवतही हवं होतं आणि अब्रूही.

रविवारी आम्ही चौघं विजयसिंहच्या दुकानात गेलो. रविवारी सकाळी, म्हणजे माझी फीसुद्धा बुडाली. त्यानं टेबलावर दोन मशीनं शेजारी शेजारी मांडली होती, एकात निळ्या डब्यातला, एकात केशरी. तात्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. मग दोन्हीवर आमच्या दुकानाचं बिलिंग उघडून दाखवलं. आधी निळा, मागोमाग केशरी.

"निळा पुढं," तात्या म्हणाले.

"तात्या, तेवढा फरक डोळ्याला कळत न्हाई ओ."

"मला कळाला."

विजयसिंह हसला. चांगला माणूस आहे तो, महागातली वस्तू गळ्यात मारायची सवय नाही त्याला. त्यानं सरळ विचारलं, "तात्या, एकच सांगा. घरात कोण गेम खेळतं काय? खेळत असंल तर डोळं झाकून केशरी न्या. कोण खेळत नसंल तर निळा चांगला हाय तुमाला."

एवढा सोपा प्रश्न. मी अक्कांच्या दंडाला हळूच कोपर लावलं. अक्कांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "चिलटं..."

"कोण न्हाई खेळत," तात्यांनी त्यांना मध्येच तोडलं. "माझ्या पोराला नियम हाय. निळा बांधा."

"बांधतो. पण आता मांडलंयच तर दोन मिनिटं फरक तर बघा," म्हणून विजयसिंहनं केशरी मशीनवर खेळ चालू केला. नेमका तोच. तेच विमान, तेच बेट. तात्या काही बघत नव्हते, चहात बिस्किट बुडवत होते. आणि वृषभनं काय करावं? तो शांतपणे उठला आणि पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. समोर हुकाला माऊस आणि कीबोर्ड लटकत होते, त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या तो एकेक वाचायला लागला. मला त्याचा एवढा कळवळा आला की काय सांगू.

विजयसिंहला कॉम्प्युटर जुळवता येतात, खेळता मात्र अजिबात येत नाही. तो उतरला तोच मैदानाच्या मधोमध. वेड्यासारखा सरळ रेषेत पळत सुटला. उजवीकडून गोळ्या यायला लागल्या. त्याच्या टोळीतला एकजण शेजारीच पडला आणि मदतीसाठी हाका मारायला लागला. विजयसिंह त्याच्या अंगावरून उडी मारून पुढं गेला.

अक्कांची चुळबुळ मला दिसत होती. त्यांनी एक हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. डावीकडं गवत होतं. हिरवंगार, कमरेएवढं, पात्यान् पात्यासकट वेळेवर उगवलेलं. विजयसिंह त्या गवताच्या कडेकडेनं, उघड्यावरून, छाती काढून पळत होता.

"अरं गवतात पड!" अक्का ओरडल्या.

तात्यांचं बिस्किट चहात पडलं.

"गवतात पड म्हणतोय न्हवं! समोर दिसतंय आन् पळतोयस कुठं? सर. सर बाजूला!" आणि बासष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी विजयसिंहला खांद्यानं ढकलून माऊस ताब्यात घेतला. पालथ्या पडल्या. सरपटत मागं गेल्या. गोळ्या डोक्यावरून जात होत्या. पडलेल्या गड्यापाशी पोचल्या, त्याला पट्टी बांधली, उभा केला आणि त्याच्यासकट गवतात दिसेनाशा झाल्या. शत्रू दोन हातांच्या अंतरावरून चालत गेला, त्याला पत्ता लागला नाही. विजयसिंहच्या तोंडातून नुसतं "आयला" एवढंच आलं. दुकानात आलेलं दुसरं गिऱ्हाईकही मागं येऊन उभं राहिलं.

तात्या बघतच राहिले होते. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण आपल्या बायकोकडं ते असं टक लावून बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि वृषभची पाठ अजून आमच्याकडंच होती. त्याला दिसत काहीच नव्हतं, नियम होता ना. भिंतीकडं बघतच त्यानं विचारलं, "कोण खेळालंय?"

विजयसिंहनं आधी अक्कांकडं, मग माझ्याकडं बघितलं.

"ऐश्वर्या, कोण खेळालंय?"

मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी माऊस सोडला. पडद्यावर त्यांचा माणूस गवतात तसाच पडून राहिला.

"मी," अक्का म्हणाल्या. "वळ इकडं. बघितलं तर चालतंय. तुझा नियम संपलाय."

"कवा?"

"दहावीच्या वर्षीच. दिवाळीला. चातुर्मासापुरताच दिलता महाराजांनी. तुला कळलं न्हाई, आन् मी सांगितलं न्हाई."

वृषभ वळला नाही. एका कीबोर्डची चिठ्ठी त्याच्या बोटात होती, ती तशीच धरून तो उभा राहिला.

"का सांगितलं न्हाईस?"

"पहिल्यांदा म्हटलं, अभ्यास करालाय, असू दे. मग इंजिनिअरिंगला गेलास, म्हटलं तिथं पोरं वाया जात्यात, असू दे. मग लग्न झालं, म्हटलं आता कशाला. सांगायचं ऱ्हाऊन गेलं." अक्का थांबल्या. "न्हाई, ऱ्हाऊन न्हाई गेलं. मला बरं वाटायचं. बस्तीत बायका म्हणायच्या, अक्काच्या पोरानं कसा नियम पाळलाय बघा. मला ते सोडवंना."

"मग मी एवढी वर्षं काय पाळलं?"

"तू पाळलास ते तुझं. त्यात काय खोट न्हाई. खोटं वागलो ते मी."

वृषभनं चिठ्ठी सोडली, आमच्यापैकी कुणाकडंही न बघता दार उघडलं आणि बाहेर जाऊन स्कूटरवर बसला.

मी मागोमाग गेले. रस्त्यावर रविवारची सामसूम होती.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"हो. थोडे दिवस झाले."

"छान."

त्या एका शब्दानं मला जेवढं लागलं तेवढं लग्नानंतरच्या सगळ्या भांडणांत मिळून लागलं नसेल. मी माफी मागितली. त्यानं स्कूटरचा आरसा उगाच सरळ केला. मग म्हणाला, "हॉस्टेलवर पोरं मला महाराज म्हणायची. सगळी एका खोलीत खेळत बसायची, आरडाओरडा, दंगा. मी जिन्यात बसून त्यांच्या असाइनमेंट लिवायचो. लई वाटायचं, आत जावं. पण एक होतं, आपण कायतरी पाळालोय असं वाटायचं. दुसरं कायच जमलं न्हाई मला, तेवढं जमलं होतं."

"जमलंच आहे की. ते कुठं गेलं?"

त्यानं मान हलवली, पटलं म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "ती खेळती कशी?"

"कुणाला मारत नाही."

"म्हंजे?"

"बंदूकच उचलत नाही. पट्ट्या बांधत हिंडते. शेवटी दोघंच उरले की उभी राहते आणि म्हणते मार."

वृषभनं माझ्याकडं बघितलं. ओठ घट्ट मिटले होते, हसायचं नाही असं ठरवलेला माणूस मिटतो तसे. मग त्याच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग तो स्कूटरच्या हँडलवर डोकं टेकून हसायला लागला. एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं, पण मी काही मोजायला गेले नाही.

आम्ही आत गेलो तेव्हा अक्का स्टुलावर मांडीत हात घेऊन बसल्या होत्या आणि तात्या विजयसिंहला सांगत होते, "निळाच बांधा. आणि हिला कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली द्यायची न्हाई."

"केशरी द्या," वृषभ म्हणाला.

"अरं पण निळा फास्ट हाय."

"तात्या, आता घरात दोघं खेळणार हायत."

अक्कांनी वर बघितलं. विजयसिंहनं केशरी डबा पुढं ओढला आणि मेमरी किती घालू म्हणून विचारलं. तेव्हा मात्र अक्कांना राहवलं नाही. खाली मान घालूनच पुटपुटल्या, "दोन पट्ट्या घाला. एकच मोठी घातली तर गवत अडकतंय." विजयसिंह म्हणाला, "बरोबर हाय काकी." तात्यांनी कपाळाला हात लावला. मग थंड झालेला चहा, तळाला गेलेल्या बिस्किटासकट, पिऊन टाकला.

मशीन दुसऱ्या दिवशी आलं. सकाळी मी बिलं केली. चटचट निघाली. तात्यांना निळ्याच्या मानानं काही कमी पडलेलं आढळलं नाही, तरी त्यांनी तसं कबूल केलं नाही. संध्याकाळी उजेडात जेवणं झाली आणि आम्ही सगळे माडीवर जमलो. अक्कांनी खेळ चालू करून दिला आणि स्वतः खुर्चीवरून उठून वृषभला जागा दिली.

तो बसला. आधी त्यानं हात पँटला पुसले. माऊस धरला तो असा, जणू तो चावेल. विमानातून उडी मारायचीच विसरला, मग विमानानंच त्याला ढकलून दिलं. समुद्रात पडला. पोहत पोहत काठाला लागला आणि वाळूवर उभा राहून इकडंतिकडं बघतोय तोवर कुणीतरी त्याला उडवलं.

परत खेळला. परत मेला. तिसऱ्यांदा तर त्यानं स्वतःच्याच पायाशी बॉम्ब टाकला. अक्कांनी पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. तात्या दारातून म्हणाले, "ह्याच्यासाठी महाराजांकडं न्यायला लागलं होतं व्हय ह्याला? आपोआपच सुटलं असतं."

तेव्हा सगळेच हसले, वृषभसुद्धा. पण तो उठला नाही. चौथ्यांदा विमानात बसला, पाचव्यांदा बसला. त्याचे कान लाल झाले होते आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी बघितलेलं नव्हतं. सायबर कॅफेतल्या त्या पोराला मी कुठं ओळखत होते?

बाहेर दिवे लागले. अक्कांची टोळी तिकडं बेटावर वाट बघत असणार. त्यांनी दोनदा घड्याळाकडं बघितलं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग हळूच म्हणाल्या, "ऊठ आता जरा. माझी पाळी."

वृषभनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"थांब की," तो म्हणाला. "माझी दहावीपासनंची पाळी ऱ्हायलीय."

अक्कांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्याच्या खुर्चीच्या मागं ठेवलं आणि त्यावर बसून राहिल्या.